नाव जुळत नाही

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आयोजकांनी मला विषय दिला आहे 'माझं काम आणि माझे छंद'. फोनवर मी त्यांना म्हटलं, माझ्या कामाबद्दल ऐकून पोरं झोपतील आणि छंदांबद्दल ऐकून हसतील. ते म्हणाले, जे होईल ते होईल, तुम्ही या. तेव्हा आलो आहे.

मी श्रीगोंद्याचा. जिल्ह्याचं नाव 2024 मध्ये अहिल्यानगर झालं, पण माझ्या तोंडात अजून नगरच येतं. बोलता बोलता नगर म्हणालो तर समजून घ्या. घरात आम्ही दखनी बोलतो, गल्लीत मराठी, शाळा जिल्हा परिषदेची मराठी माध्यमाची. इंजिनिअरिंग नगरला केलं आणि पुण्यात नोकरीला लागलो. आज एका कंपनीत प्रॉडक्ट मॅनेजर आहे. कंपनी छोट्या दुकानदारांसाठी मोबाईल अॅप बनवते. पैसे घेण्याचा क्यूआर कोड, उधारीची वही आणि थोडंफार कर्ज. कंपनीचं नाव सांगणार नाही, कारण पुढे जी चूक सांगणार आहे ती माझी आहे.

आधी हे प्रॉडक्ट मॅनेजर म्हणजे काय ते सांगतो. माझ्या अम्मीला अजून ते कळलेलं नाही. ती पाहुण्यांना सांगते, "मोबाईलच्या कंपनीत है." माझं लग्न ठरताना मुलीच्या मामूंनी विचारलं होतं, "प्रॉडक्ट म्हणजे कोणता माल? आणि मॅनेजर म्हणजे हाताखाली किती माणसं?" मी खरं सांगितलं, की माल दिसत नाही आणि हाताखाली एकही माणूस नाही. मामू बराच वेळ गप्प बसले होते.

पण उत्तर खरंच तेवढं आहे. इंजिनिअर कोड लिहितो, डिझायनर स्क्रीन कशी दिसेल ते ठरवतो, विक्रीवाला विकतो. काय बनवायचं, कोणासाठी, आधी कोणतं, नंतर कोणतं आणि कोणतं बनवायचंच नाही, हे ठरवायचं आणि ते सगळ्यांना पटवायचं काम माझं. हुकूम कोणालाच देता येत नाही. या कामाचं मूळ लोक 1931 मध्ये शोधतात. अमेरिकेतल्या प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीत नील मॅकएलरॉय नावाच्या तरुणाने एक टिपण लिहिलं, की प्रत्येक मालाची पूर्ण जबाबदारी एका माणसाकडे असावी, विक्री का घटली ते त्याने गावोगाव जाऊन शोधावं. तो माणूस पुढे अमेरिकेचा संरक्षणमंत्री झाला. आपल्याला तेवढं लांब जायचं नाही.

मी हे काम कुठे शिकलो असं विचारलं तर मुलाखतीत मी कोर्सचं नाव सांगतो. खरं उत्तर म्हणजे अब्बांच्या दुकानात. त्यांचं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. श्रीगोंदा म्हणजे ऊस, कांदा, लिंबू. कुकडीचं आणि घोडचं पाणी. आणि विहिरी, बोअर. म्हणजे मोटारी. आणि मोटार आहे तिथे ती जळणार.

जळालेली मोटार दुकानात आली की नवखा मिस्त्री लगेच जुनी तार कापून नवीन भरायला बसतो. अब्बा आधी उघडून बघत बसायचे. स्टेटरमधल्या कॉइल कशा जळाल्यात ते बघायचे. सगळ्या सारख्या काळ्या झाल्या असतील तर मोटारीवर ओझं जास्त आलं किंवा व्होल्टेज कमी होतं. स्टारची जोडणी असून दोन फेजच्या कॉइल काळ्या आणि एका फेजच्या कोऱ्या करकरीत असतील तर एक फेज गेला होता आणि मोटार तशीच चालू राहिली. मग ते वेढे मोजायचे, तारेचा गेज मापायचे, वहीत लिहायचे. त्यानंतर कागद, कॉइल, दोरी, वॉर्निश. ती वही आजही आहे. कोणत्या कंपनीची किती हॉर्सपॉवरची मोटार, किती खाचा, किती वेढे, आणि शेवटच्या रकान्यात 'का जळाली'.

हा शेवटचा रकाना सोपा नव्हता, कारण शेतकरी खरं सांगत नसे. आपल्याकडे शेतीला थ्री फेज लाइट ठरावीक तास, कधी दिवसा, कधी रात्री. ती गेली की काही जण कंडेन्सर टाकून मोटार तशीच चालवतात. मग ती जळते. पण "कंडेन्सर टाकला होता का?" असं विचारलं तर कोण हो म्हणेल? अब्बा ते विचारायचेच नाहीत. चहा मागवायचे आणि विचारायचे, "पाटील, काल रातच्याला भरणं कुठवर झालं?" पाटील अभिमानाने सांगायचे, "पार उजाडेपर्यंत चाललं की! सगळा ऊस भिजवला." आणि त्या आठवड्यात थ्री फेज रात्री दोनलाच जात होती. अब्बा काही बोलायचे नाहीत. वहीत लिहायचे. मोटार परत देताना कमी किमतीचा फेज जाताच मोटार बंद पाडणारा स्टार्टर दाखवायचे.

पुढे नोकरीत मला 'ग्राहकाशी कसं बोलावं' यावर दोन दिवसांचं प्रशिक्षण मिळालं. त्यात शिकवलं, की माणसाला त्याचं मत विचारू नका, त्याने शेवटच्या वेळी काय केलं ते विचारा. मी मागच्या बाकावर बसून मनात म्हणत होतो, हे तर भरण्याचं!

कंपनीत मी लागलो तो टेस्टर म्हणून. नोव्हेंबर 2016 मध्ये नोटाबंदी झाली. यूपीआय त्याच वर्षी एप्रिलमध्ये सुरू झालं होतं, कोणी विचारत नव्हतं, आणि एका रात्रीत सगळ्या दुकानदारांना ते हवं झालं. ग्राहकांचे फोन घेणारी माणसं कमी पडली. मराठी नीट बोलणारा म्हणून मला तिकडे बसवलं. बारामतीचा किराणावाला, जामखेडचा सलूनवाला, सगळ्यांचे फोन. पाच-सहा महिने तेच. त्या काळात मी एक वही ठेवली होती. शेवटचा रकाना अर्थातच 'का'. ती वही बघूनच मला पुढे प्रॉडक्टच्या टीममध्ये घेतलं. इथे बसलेल्यांपैकी कोणी कॉल सेंटरमध्ये असेल, डाटा एन्ट्री करत असेल, तर त्याने हे लक्षात ठेवावं. लोक कुठे अडतात ते तुम्हाला वरच्या मजल्यावरच्या माणसापेक्षा जास्त माहीत असतं. फक्त ते लिहून ठेवलेलं नसतं.

आता चुकीकडे येतो.

दुकानदार आमच्या अॅपवर नोंदणी करतो तेव्हा त्याचं नाव तीन ठिकाणहून येतं. त्याने टाइप केलेलं, ओळखपत्रावरचं आणि बँकेच्या खात्यावरचं. तिन्ही एकाच माणसाची आहेत का, हे यंत्र तपासतं आणि शंभरपैकी गुण देतं. गुण चांगले असतील तर अर्ज आपोआप मंजूर. फारच कमी असतील तर आपोआप नामंजूर. मधल्यांसाठी एक कप्पा होता. ते अर्ज माणूस डोळ्यांनी बघायचा. माणूस ठेवायचा म्हणजे पगार, आणि दुकानदाराला दोन दिवस थांबावं लागायचं. मी हिशेब मांडला आणि बैठकीत सांगितलं, मधला कप्पा काढून टाकू. ऐंशीच्या वर मंजूर, खाली नामंजूर. सगळ्यांना पटलं. खर्च वाचला, वेळ वाचला. माझं कौतुक झालं. त्या वर्षी पगारही बरा वाढला.

काही महिन्यांनी मी सुट्टीला घरी गेलो. दुकानावर आमचा क्यूआर लावू या म्हणून अब्बांची नोंदणी करायला बसलो. नामंजूर. कारण लिहून आलं, 'नाव जुळत नाही'.

आमचं आडनाव शेख. आता हे इंग्रजीत कसं लिहायचं? अब्बांच्या शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, जशी आपल्याकडची पद्धत आहे. तिथे स्पेलिंग एस-एच-ए-आय-के-एच. बँकेत कोणीतरी कधीतरी एस-एच-ई-आय-के-एच केलं आणि ते नावाच्या शेवटी नेलं. ओळखपत्रावर एस-एच-ई-के, आणि 'अब्दुल'चा नुसता 'ए'. तिन्ही कागद खरे, तिन्ही अब्बांचेच. मीच बसवलेल्या यंत्राने माझ्या बापाला सांगितलं की तू तू नाहीस.

मी काय केलं? ऑफिसात एका मित्राला मेसेज केला, जरा हा अर्ज आतून पुढे ढकल. दहा मिनिटांत मंजूर. अब्बांना म्हटलं, झालं बघा. ते काचेच्या कपाटाला टेकून उभे होते. म्हणाले, "तू अंदर है करके मेरा काम हुआ. जिसका कोई अंदर नै, उसका?"

मी म्हटलं, बघतो.

आणि बघितलं नाही. खरं सांगतो, तीन आठवडे बघितलं नाही. कारण आता सांगायला सोपं आहे, तेव्हा स्वतःशी कबूल करणंही जड होतं. आमच्या टीममध्ये अठरा जणांत मी एकटा मुसलमान. बैठकीत उभं राहून 'शेख, सय्यद, कुरेशी या लोकांचे अर्ज नामंजूर होतायत' असं मी म्हणायचं? लोक काय म्हणतील, की हा आता आपल्या लोकांचं घेऊन आला. आणि त्यातून नियम मीच आणलेला. दोन्हीकडून लाज. इथे बसलेल्या तुमच्यापैकी जे अशा ऑफिसात आहेत त्यांना हे तीन आठवडे ओळखीचे वाटतील. कोणी आपल्याला काही म्हटलेलं नसतं. तरी आपण आधीच ऐकलेलं असतं.

मग एका शनिवारी, अब्बांच्या सवयीने म्हणा, मी मोटार उघडली. एका आठवड्यातले नाव जुळलं नाही म्हणून नामंजूर झालेले अर्ज काढले आणि एकेक हाताने वाचले. दिवस गेला. दोन काळ्या आणि एक कोरी, असा काहीतरी नमुना दिसेल अशी माझी अपेक्षा होती. शेख, पठाण, तांबोळी, बागवान, आतार, मुलाणी दिसलेच. पण शेजारी आणखी कोण होतं? लग्न झालेल्या बायका. बँकेत माहेरचं नाव, ओळखपत्रावर सासरचं. शिवणाचं दुकान, पापडाचा धंदा, ब्यूटी पार्लर. मग आमच्या नगरकडचे सगळे भाऊसाहेब, बाळासाहेब, रावसाहेब. एका कागदावर 'साहेब' जोडून, दुसऱ्यावर तोडून, तिसऱ्यावर नुसतं 'भाऊ'. श्रीरामपूर-राहुरीकडचे ख्रिस्ती, ज्यांच्या घरी एक नाव बाप्तिस्म्याचं आणि एक शाळेचं. पारधी, भिल्ल वस्तीतले, ज्यांना आडनाव शाळेत गुरुजींनी दिलं आणि ते दर भावाला वेगळं मिळालं. मी ज्याला 'आपल्या लोकांचा प्रश्न' म्हणून दडपून बसलो होतो, तो अर्ध्या जिल्ह्याचा निघाला.

थोडं तांत्रिक सांगतो, कारण इथे कॉम्प्युटरवाले बरेच दिसतायत. नावं जुळवायच्या दोन जुन्या पद्धती आहेत. एक साउंडेक्स. 1918 मध्ये अमेरिकेत तिचं पेटंट झालं. नावाचं पहिलं अक्षर ठेवायचं, स्वर आणि एच, डब्ल्यू, वाय गाळायचे, बाकी अक्षरांना आकडे द्यायचे. सारख्या उच्चाराची नावं एकाच सांकेतिक क्रमांकात येतात. तिथल्या आडनावांसाठी ठीक. शेखची तिन्ही स्पेलिंग त्यात एकच येतात, हे कबूल. पण पहिलं अक्षर धरून ठेवायचं असल्यामुळे कुरेशी क्यूने लिहिला की एक माणूस, केने लिहिला की दुसरा. युसूफ आणि इसूफ वेगळे. मोहम्मद पूर्ण लिहिलं तर एम-530 आणि आपल्याकडे सर्रास लिहितात तसं 'मोहद' लिहिलं तर एम-300.

दुसरी पद्धत व्लादिमीर लेव्हेनश्टाइन या सोव्हिएत गणितज्ञाची, 1965 ची. एका शब्दाचा दुसरा करायला किती अक्षरं बदलावी, घालावी, काढावी लागतात ते मोजायचं. आम्ही हीच वापरत होतो. तिच्या हिशेबात अब्बांच्या दाखल्यावरचा शेख आणि ओळखपत्रावरचा शेख यांच्यात तीनचं अंतर. आणि आशा आणि उषा यांच्यात फक्त एक! म्हणजे दोन वेगळ्या बायका यंत्राला जवळजवळ एक वाटतात, आणि एक माणूस तीन कागदांवर तिघं. वर शब्दांचा क्रम बदलला की गुण आणखी खाली.

सोमवारी मी बैठकीत गेलो. धर्म, जात यांपैकी एकही शब्द न वापरता मांडणी करायची, असं ठरवून गेलो होतो. पहिल्या पानावर भाऊसाहेब ठेवले, दुसऱ्यावर पार्लरवाली ताई, तिसऱ्यावर शेख. तिसऱ्या पानाला मी थांबलो आणि म्हणालो, हे माझे वडील आहेत, यांचा अर्ज मी आतून मंजूर करून घेतला आहे, जे करायला नको होतं. हे ठरलेलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. आमची वरिष्ठ बाई, ती कानपूरची, कडक आहे, ती एवढंच म्हणाली, "हे तीन आठवड्यांपूर्वी का नाही सांगितलंस?" त्याचं उत्तर मी दिलं नाही. आज इथे देतो आहे.

मग भांडण झालं ते वेगळ्याच कारणावरून, आणि ते भांडण योग्य होतं. फसवणूक रोखणाऱ्या टीममधला सहकारी म्हणाला, तू नावं सैल केलीस तर मी मेलो. एका घरात चार भाऊ असतात, चौघांच्या नावात मोहम्मद, चौघांचं आडनाव आणि वडिलांचं नाव एकच. तू मोहम्मदला सूट दिलीस, क्रमाला सूट दिलीस, आद्याक्षराला सूट दिलीस, तर एका भावाच्या कागदावर दुसरा भाऊ कर्ज उचलेल आणि तिसरा फेडेल. मला राग आला, पण त्याचं खरं होतं. आमच्याच गल्लीत असं एक घर मी डोळ्यांसमोर आणू शकत होतो. शेवटी ठरलं ते असं. शब्द कुठल्याही क्रमाने आले तरी चालतील. शेख, सय्यद, मोहम्मद यांसारख्या नावांच्या स्पेलिंगची एक यादी करायची, ती मी आणि एका तांबोळी मैत्रिणीने मिळून केली. साहेब, राव, बी, भाई हे तोडून बघायचे. जन्मतारीख जुळली पाहिजे. आणि मधला कप्पा परत. म्हणजे मी काढलेली माणसं मीच परत मागितली. खर्चाचा कागद यावेळी कौतुकाचा नव्हता.

ही यादी करताना गंमत झाली. आमच्या श्रीगोंद्याला शेख महंमद यांचं स्थान आहे. सतराव्या शतकातले, मराठीत लिहिणारे, 'योगसंग्राम'चे कर्ते. लहानपणी त्या वाटेने शाळेत जायचो. म्हटलं बघू तरी, यांचं नाव लोक कसं लिहितात. महंमद, महम्मद, महमद, मुहंमद, मोहम्मद. ही सगळी देवनागरीत! इंग्रजीचा तर प्रश्नच नाही. आणि 'शेख' त्यांच्या नावाच्या पुढे आहे, मागे नाही. ते आडनाव कधी झालं, फॉर्मवर रकाना आल्यावरच ना? आमच्या अॅपवर शेख महंमदबाबांनी अर्ज केला असता तर माझ्या जुन्या नियमाने नामंजूर झाला असता. मी हे ऑफिसात सांगितलं, कोणी हसलं नाही. इथे तरी हसलात, बरं वाटलं.

एक कामाची गोष्ट यातूनच सांगून टाकतो. तुमच्यातले जे अजून शिकतायत त्यांनी आज घरी जाऊन आपले कागद एका ओळीत मांडा. शाळेचा दाखला, दहावीचं प्रमाणपत्र, आधार, पॅन, बँक पासबुक. स्पेलिंग एक आहे का बघा. दहावीचं प्रमाणपत्र पुढे सगळीकडे मागतात, म्हणून तेच मूळ धरून बाकीचे दुरुस्त करा. दाखल्यातली चूक शाळेत असतानाच शाळेच्या अर्जाने सुधारणं सोपं, नंतर प्रतिज्ञापत्र आणि राजपत्र करत बसावं लागतं. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, तेव्हा घाईने कुठल्याही केंद्रावर जाऊन बदलू नका, स्वतः स्क्रीनवर एकेक अक्षर वाचा. बहिणींचे कागद आधी बघा. लग्नानंतर नाव बदलायचं की नाही हा निर्णय त्यांचा, पण बदललं तर सगळीकडे, नाही तर कुठेच नाही. हे सगळं आपण करायचंच. पण म्हणून यंत्र बसवणाऱ्याची जबाबदारी संपते असं मी म्हणत नाही. अब्बा शेतकऱ्याला स्टार्टर विकायचे आणि महिन्याला लाइनमनकडे तक्रारही करायचे. दोन्ही.

छंदांचं राहिलं. पहिल्या मुलाखतीत 'हॉबी' विचारल्यावर मी 'रीडिंग' म्हणालो होतो. समोरच्याने विचारलं, हल्ली काय वाचलं? मी घाम पुसला. तेव्हा खोटं बोलू नका एवढंच.

आता मात्र खरं वाचतो, आणि त्याला कारण नगरचा किल्ला. इंजिनिअरिंगची चार वर्षं किल्ल्याच्या आसपास काढली, पण आत काय झालं ते मला माहीत नव्हतं. ऑगस्ट 1942 मध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे नेते तिथे आणून ठेवले. नेहरूंनी तिथे 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं हे आपल्याला शाळेत सांगतात. त्याच बराकीत मौलाना आझाद पहाटे तीन-चारला उठून स्वतःचा चहा स्वतः करायचे आणि एका मित्राला पत्रं लिहायचे, जी पोस्टात पडणार नव्हती. ती 1946 मध्ये 'गुबार-ए-खातिर' म्हणून छापली गेली. त्यात चहावर पत्र आहे, खोलीत घरटं करणाऱ्या चिमण्यांवर आहे. दूध घातलेल्या चहाला ते चहाच मानत नसत. नगरी माणसाला हे जरा झोंबतं. ते किल्ल्यात असतानाच एप्रिल 1943 मध्ये कलकत्त्यात त्यांच्या पत्नी, झुलेखा बेगम, वारल्या.

हे पुस्तक वाचायचं म्हणून मी सत्ताविसाव्या वर्षी उर्दू लिपी शिकलो. मराठी शाळेतला मी, घरात दखनी बोलूनही अलिफ-बे धड येत नव्हतं. पुणे-श्रीगोंदा एसटीत शिकलो. अजून पानाला अर्धा तास लागतो. मौलानांची उर्दू अवघड, फारसीने भरलेली. बायको म्हणते, या वेगाने त्यांची सुटका आधी होईल, तुमचं पुस्तक नंतर.

दुसरा छंद रेहेकुरी. कर्जत तालुक्यात काळविटांचं अभयारण्य आहे, 1980 चं, जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटर. आमच्याकडून मोटारसायकलने जाता येतं. पहाटे जाऊन बाभळीखाली बसायचं. काळवीट आधी कान वळवतो, मग मान, मग सगळा कळप एकदम उधळतो. तिथे मी दुर्बीण नेतो आणि फोन गाडीच्या डिकीत ठेवतो. याचा माझ्या कामाशी काही संबंध नाही, आणि जोडूही नका. प्रत्येक छंदातून व्यवस्थापनाचे धडे काढणारी माणसं मला सहन होत नाहीत.

शेवटचं सांगून थांबतो, चहा आलेला दिसतो आहे, दुधाचाच. इथे यायच्या आधी परवा श्रीगोंद्याला होतो. अब्बांच्या दुकानाशेजारी एक चाची बांगड्या विकतात. त्यांनी फोन पुढे केला. आमचंच अॅप. नोंदणीचं पान पुढे सरकत नाही. मला वाटलं, पुन्हा स्पेलिंग. तसं नव्हतं. चाचींचं नाव एकाच शब्दाचं आहे. सगळ्या कागदांवर तेवढंच, सगळीकडे सारखं, एका अक्षराचाही फरक नाही. आमच्या फॉर्मला किमान दोन शब्द लागतात. आडनावाचा रकाना रिकामा ठेवला की तो लाल होतो. चाचींनी विचारलं, "इसमें क्या डालूं?" कोणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी एकदा तिथे टिंब टाकून बघितलं होतं.

तो रकाना सक्तीचा कोणी केला ते मी जुन्या नोंदीत शोधलं. यावेळी मी नव्हतो. सोमवारी अकराला बैठक आहे. चाचींना मी सांगितलंय, आतून काही करणार नाही, थोडं थांबा.